३४ जीबीची मुंज एका डीव्हीडीत कशी बसवावी?

रामबागवाला

मंडळी, घरातल्या मिनी-डीव्ही कॅसेटी अखेर कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. फायरवायर पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप मावसभावाकडे पडला होता, त्याच्यावर काम भागलं. आता हार्डडिस्कवरचा ऐवज असा: धाकट्या भावाची मुंज, २ तास ५० मिनिटं, एव्हीआय फाइल, विंडोज ३४ जीबी दाखवतं. आमच्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, मिळून ५० मिनिटं, १० जीबी. शिवाय चुलतबहिणीचं लग्न, ते नंतरच्या एचडी हँडीकॅमवरचं, एमटीएस नावाच्या तुकड्यांत, दीड तास, ११ जीबीला थोडं कमी.

हे सगळं डीव्हीडीवर हवं आहे. धारच्या आत्याकडे टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे, तो चालतो, आणि मुख्य म्हणजे तिला तो चालवता येतो. मोबाइलवर काही दाखवलं की म्हणते, "एवढ्याशा काचेत मला माझा भाऊसुद्धा ओळखू येत नाही रे." उज्जैनच्या काकांचंही तेच.

चकतीवर छापलंय ४.७ जीबी, कॉम्प्युटर म्हणतो ४.३८. कसंही भागलं तरी एका मुंजीला आठ चकत्या लागतात. आत्या आठही बघेल, पण दर एकवीस मिनिटांनी चकती बदलायला उठणार कोण? बाजारातल्या डीव्हीडीवर तीन तासांचा सिनेमा गाण्यांसकट बसतो, मग आमची मुंज का बसत नाही?

देवासकर

आत्याबाईंना एक स्मार्ट टीव्ही आणि पेनड्राइव्ह घेऊन द्या, विषय संपला. डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह आता लॅपटॉपला असतो तरी कुठे? नाहीतर सगळं गूगलवर चढवा आणि लिंक पाठवा.

जिरावन

देवासकर, टीव्ही तुम्ही पाठवून राहिले का? धारचा पत्ता देतो भिया.

रामबागवाला

यूएसबीचा रायटर आहे माझ्याकडे. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत नुसती मुंजसुद्धा मावत नाही. आणि टीव्ही बदलायचा विषय आत्यापुढे काढायची माझी हिंमत नाही.

सुदामानगरी

दादा, फाइल किती जीबीची आहे ते आधी विसरा. डीव्हीडीच्या हिशेबात त्या आकड्याला काहीच किंमत नाही. किंमत आहे मिनिटांना.

मिनी-डीव्हीची फाइल एवढी मोठी का, तर डीव्ही प्रत्येक चित्र सुटं-सुटं साठवतं. पडद्यावर काही घडो न घडो, सेकंदाला साधारण ३.६ मेगाबाइट, तासाला १३ जीबी, हा दर ठरलेला. भटजी डोळे मिटून स्वस्थ बसलेत तरी तेवढीच जागा जाणार. डीव्हीडी-व्हिडिओचं तसं नाही. तिथे एमपेग-२ लागतं. ते एक पूर्ण चित्र ठेवतं आणि पुढच्या दहा-बारा चित्रांमध्ये मुख्यतः काय बदललं तेवढंच लिहितं. सेकंदाला किती बिट खर्च करायचे ते आपण सांगायचं. यालाच बिटरेट म्हणतात. बाजारातला तीन तासांचा सिनेमा याच युक्तीने बसतो. शिवाय त्यातल्या बऱ्याचशा चकत्या दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या असतात, ही गोष्ट वेगळीच.

हिशेब सोपा आहे. ४.७ जीबीतले चार-पाच टक्के मेन्यू आणि बांधणीसाठी सोडले की साडेचार उरतात. त्याचे बिट करून (एका बाइटचे आठ) मिनिटांनी भागलं तर सूत्र निघतं: ६०० भागिले मिनिटं, उत्तर मेगाबिट प्रतिसेकंद, चित्र आणि आवाज मिळून. दोन तास असतील तर ५. दीड तासाला साधारण ६.७. तुमच्या १७० मिनिटांना ३.५. एका तासाला १० येतात, पण तिथपर्यंत जायचं नाही. डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, आणि घरी लिहिलेल्या चकतीवर जुने प्लेअर त्याच्या बऱ्याच अलीकडे अडखळायला लागतात. कमाल ८ धरा.

४.७ आणि ४.३८ची तक्रार सोडून द्या. चकतीवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या. जागा तेवढीच आहे.

रामबागवाला

ताई, ६००चं सूत्र भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. म्हणजे साडेतीनवर टाकलं की मुंज एका चकतीत बसते? मग प्रश्न सुटला की.

कॅसेटकाका

बसेल हो, पण कशी दिसेल?

मी इंदूरच्या छावणी भागात राहतो. लग्न-मुंजींचं शूटिंग हा माझा धंदा होता. व्हीएचएसपासून एचडीपर्यंत सगळं खांद्यावर वागवलं, आता खांदा नाही म्हणतो. सुदामानगरीताईंचं सूत्र बरोबर आहे, पण साडेतीन पुरतील की नाही हे मिनिटांवरून कळत नाही. चित्रात काय आहे त्यावरून कळतं.

एमपेग-२ चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे सापडतो का ते शोधतं. माणूस डावीकडून उजवीकडे गेला तर सापडतो. "तोच चौकोन, चार घरं पुढे," एवढं लिहिलं की झालं. मुंजीत कॅमेरा तिपाईवर, बटू पाटावर, आईवडील शेजारी, होमाचा धूर सोडला तर हलतंय काय? साडेतीनातसुद्धा बरंच साधतं.

आता तुमची गेर घ्या. राजवाड्यासमोर टँकरमधून रंगाचे फवारे उडतायत, वरून गुलाल, खाली हजारो डोकी, आणि कॅमेरा धरणाऱ्यालाही धक्के बसतायत. गुलालाचा कण आधीच्या चित्रात जिथे होता तिथे नाही, आणि जिथे आहे तिथे दुसराच कण होता. यंत्राला काहीच सापडत नाही. म्हणजे सगळं नव्याने लिहा. तेवढे बिट मिळाले नाहीत की तपशील टाकून देतं आणि पडद्यावर चौकोन दिसायला लागतात. इंदूरची गेर हा एमपेग-२चा शत्रू आहे असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

झांक्या त्याहून वाईट. रात्रीची वेळ, गिरण्यांच्या चित्ररथांवर हजारो दिवे, आणि ते दिवे पळते! एक विझतो, पुढचा लागतो. शिवाय हँडीकॅम अंधारात गेन वाढवतो, म्हणजे चित्र ओढूनताणून उजळ करतो, त्यामुळे काळ्या आभाळात मुंग्या वळवळतात. त्या मुंग्यांनाही एन्कोडर, म्हणजे एमपेग-२ बनवणारं सॉफ्टवेअर, इमानदारीने बिट वाटत बसतो.

तेव्हा गेर आणि झांक्यांची चकती वेगळी करा, ५० मिनिटांना सरळ ८ द्या. चकती पूर्ण भरणार नाही. नाही भरली तर नाही भरली.

हुकुमचंद_घंटाघर

एवढं गणित कशाला? डीव्हीडी श्रिंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. मोठं आत टाका, ४.३८चं बाहेर निघतं. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलोय.

सुदामानगरी

दादा, श्रिंक एव्हीआय घेतच नाही. त्याला आधीच बनलेली डीव्हीडी लागते, व्हिडिओ-टीएस फोल्डर आणि आतल्या व्हीओबी फायली. दोन थरांची डीव्हीडी एका थरात आणायला ते बनलं होतं. २००४ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. इथे ते वापरायचं म्हणजे एव्हीआयवरून एकदा एमपेग-२ करायचं आणि मग ते पुन्हा पिळायचं. आपल्या हातात मूळ डीव्ही असताना दोनदा का पिळा? पहिल्याच फेरीत योग्य बिटरेट द्या.

आणखी एक नाव कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते. हँडब्रेकने डीव्हीडी बनत नाही. ते एमपी४ किंवा एमकेव्ही देतं. ती फाइल चकतीवर लिहिली तर ती डेटा-डिस्क झाली, आत्यांचा प्लेअर तिच्याकडे बघणारही नाही.

हुकुमचंद_घंटाघर

आमच्याकडे प्लेअर बघतो बरं का. मी एव्हीआय फायली तशाच चकतीवर टाकतो आणि चालतात.

टिळकनगर_बगीचा

तुमच्या प्लेअरवर पुढच्या बाजूला डिव्हएक्स असं छापलेलं असणार. तसा प्लेअर डेटा-डिस्कवरची एव्हीआय चालवतो, पण ती आतून डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या पद्धतीने दाबलेली असेल तरच. कॅमेऱ्यातून उतरलेली डीव्ही-एव्हीआय तो घेणार नाही. नाव एक, आतला माल वेगळा.

रामबागवाले, आत्यांच्या प्लेअरवर ही खूण आणि यूएसबीचं भोक आहे का ते बघा. असेल तर एक्सव्हिड करून पेनड्राइव्हवर अख्खी मुंज एका फाइलमध्ये देता येईल. पेनड्राइव्ह फॅट३२ने फॉरमॅट करा, जुन्या प्लेअरांना दुसरं वाचता येत नाही. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या आत लागते, पण एक्सव्हिडची फाइल तेवढी होणारच नाही.

देवासकर

मी पहिल्याच प्रतिसादात पेनड्राइव्ह म्हणालो होतो.

रामबागवाला

फोनवर आत्याला विचारलं. खूण नाही, भोकही नाही. "भोक कशाला असेल? चांगला धडधाकट आहे," म्हणाली. तर डीव्हीडीच.

जिरावन

आत्यांना या धाग्यावर आणा. बाकी सगळ्यांची सुट्टी.

कॅसेटकाका

मुंज दोन चकत्यांत करा असं माझं मत. प्रत्येकी ८५ मिनिटं, बिटरेट ७च्या आसपास, डोळ्याला मूळ कॅसेटीपेक्षा फरक कळणार नाही. आणि मधोमध कापू नका! मंगलाष्टकं अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी डीव्हीडी मी पाहिलेली आहे. मातृभोजन, मंगलाष्टकं, गायत्रीचा उपदेश हे पहिलीवर. भिक्षावळ आणि पंगती दुसरीवर. दोन्ही भाग सारखे व्हायची गरज नाही. पहिला १०० मिनिटांचा आणि दुसरा ७० मिनिटांचा झाला तर एकाला ६ येतील, दुसऱ्याला ८. दोन्ही चांगले.

डीव्हीची एक चांगली सोय आहे. प्रत्येक चित्र सुटं असल्यामुळे कुठेही कापलं तरी पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. व्हर्च्युअलडब नावाच्या कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राला "डायरेक्ट स्ट्रीम कॉपी"वर ठेवून तुकडे पाडा, दर्जा तसूभर कमी होत नाही. कापाकापी डीव्हीतच उरका, एमपेग-२ झाल्यावर कात्री लावायला जाऊ नका.

हुकुमचंद_घंटाघर

पंगती ठेवताच कशाला? जेवणारी माणसं कोण बघतं? तो भाग उडवला तर मुंज दोन तासांत येईल आणि एकाच चकतीवर ५ने छान बसेल.

रामबागवाला

नाही, पंगत कापायची नाही. विधीच्या वेळी कॅमेरा बटूवरून हललेलाच नाही. माणसं दिसतात ती फक्त पंगतीत. आजोबा वाढपी होते, बुंदीच्या लाडवाचं ताट घेऊन ओळीतून फिरताना दिसतात. त्यांचं चालतं-बोलतं चित्र आमच्याकडे तेवढंच आहे. त्या ओळीतले निम्मे लोक आता नाहीत.

कॅसेटकाका

बरोबर आहे. नवरीचे बाबा पैसे देताना म्हणायचे, "फेऱ्यांचं नीट घ्या." चार वर्षांनी येऊन विचारायचे, "पंगतीचं अजून काही आहे का हो तुमच्याकडे?"

पंगतीसाठी एक सूचना. तिथे कॅमेरा हातात धरून ओळीओळीने चाललेला असतो, म्हणजे सगळी चौकट सतत सरकते. तिला विधींपेक्षा जास्त बिट लागतात. दुसरी चकती लहान ठेवा म्हणालो ते त्यासाठीच.

सुदामानगरी

काकांच्या या मुद्द्यासाठीच "टू-पास" असतो. पहिल्या फेरीत एन्कोडर अख्खी फाइल नुसती पाहून घेतो, कुठे धावपळ आहे, कुठे शांतता. दुसऱ्या फेरीत शांत भागातले बिट वाचवून धावपळीला देतो. एकूण आकार ठरल्याप्रमाणेच राहतो. वेळ दुप्पट लागतो, रात्री लावून झोपा.

सॉफ्टवेअर: खिडक्या-बटणांचं हवं असेल तर डीव्हीडीस्टायलर किंवा डीव्हीडी फ्लिक, दोन्ही फुकट. दोन्हींत बिटरेट आपोआपवर ठेवला तर मिनिटं मोजून चकतीत बसेल असा ते स्वतःच निवडतात. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला घाबरत नसाल तर एफएफएमपेग. त्यात पाल-डीव्हीडी (पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) असं तयार लक्ष्य देता येतं आणि चौकट, फ्रेमदर वगैरे आपोआप लागतात. पण ते चित्राला ६ मेगाबिट आणि आवाजाला ४४८ किलोबिट धरतं, म्हणजे साधारण ९३ मिनिटांची चकती. त्याहून लांब असेल तर दोन्ही आकडे हाताने कमी करा.

आवाजाकडे लोक बघत नाहीत आणि तिथेच जागा सांडते. कॅमेऱ्यातला आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला, असतो, तो तसाच ठेवला तर दीड मेगाबिट घेतो. १७० मिनिटांत नुसता आवाज जवळजवळ २ जीबी! भटजींचे मंत्र आणि मागचा गलका यासाठी एसी-३, म्हणजे डीव्हीडीवरचा दाबलेला आवाज, १९२ किलोबिटने भरपूर झाला.

वीणा_स्नेहलतागंज

मध्येच विचारते, माझ्याकडे व्हीएचएस आहेत, तीन-तीन तासांच्या. त्यांनाही हेच सूत्र? तीन तासांना ३.३च येतात.

कॅसेटकाका

ताई, व्हीएचएसमध्ये आडवा तपशीलच जेमतेम २४० रेषांचा. त्याला ७२० ठिपक्यांची चौकट देणं म्हणजे वाटीभर आमटीला पातेलं. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ अशी अर्धी चौकटही बसते. ठिपके निम्मे झाले की ३.३ मेगाबिट पुरतात आणि टीव्हीवर फरक शोधून सापडत नाही. मात्र व्हीएचएसला खरखर फार असते, आणि ती खरखरसुद्धा गुलालासारखीच बिट खाते. एन्कोड करण्याआधी हलका डीनॉइज, म्हणजे खरखर पुसणारा फिल्टर, द्या. हलकाच. जास्त दिला की माणसं मेणाची दिसतात.

मिनी-डीव्हीला मात्र अर्धी चौकट देऊ नका रामबागवाले. तुमच्या कॅसेटीत तपशील आहे.

टिळकनगर_बगीचा

लग्नाच्या एमटीएस फायलींबद्दल कोणी बोललं नाही. त्या एव्हीसीएचडी, म्हणजे एचडी हँडीकॅमच्या पद्धतीच्या आहेत, आतून एच.२६४, एमपेग-२ नव्हे. त्या तशाच साध्या चकतीवर लिहून ब्लू-रे प्लेअरवर बघता येतात, पण आत्यांचा साधा प्लेअर त्या घेणार नाही. म्हणजे १९२० बाय १०८० वरून ७२० बाय ५७६ वर उतरवावं लागेल. ९० मिनिटांना ६.७, त्यामुळे बिटरेटची चिंता नाही. १६:९ची खूण द्यायला विसरलात तर नवरी लांबुळकी दिसेल. आणि फील्ड-ऑर्डर सांभाळा.

रामबागवाला

फील्ड-ऑर्डर म्हणजे?

टिळकनगर_बगीचा

या कॅमेऱ्यांची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि ती दोन वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी, एव्हीसीएचडीमध्ये वरचं आधी. सॉफ्टवेअरने उलटं धरलं तर स्थिर चित्र ठीक दिसतं, पण कोणी हात हलवला की तो पुढे-मागे थरथरतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बऱ्याचदा कळत नाही, टीव्हीवर लगेच कळतं. मुंज आणि लग्न एकाच प्रोजेक्टमध्ये टाकून दोन्हींना एकच सेटिंग देऊ नका. आणि एचडीची चौकट लहान करताना सॉफ्टवेअरला "इंटरलेस्ड" आहे हे सांगा, नाहीतर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात.

देवासकर

मान्य, डीव्हीडीच करा. पण एक प्रश्न. डीव्हीडी झाल्यावर त्या ३४ जीबीचं काय? उडवून टाकणार? कारण हार्डडिस्क भरली म्हणूनच लोक डीव्हीडीकडे वळतात.

कॅसेटकाका

देवासकर, पहिल्यांदा कामाचं बोललात. मूळ उडवायचं नाही! डीव्हीडी ही बघायची प्रत, ठेवायची नव्हे. डीव्हीच्या फाइलमध्ये प्रत्येक चित्रासोबत शूटिंगची तारीख-वेळ लपलेली असते, कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर. एमपेग-२ केलं की ती जाते. उद्या कुणाला चांगल्या एन्कोडरने पुन्हा करायचं असेल तर मूळच हवं. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि दोन्ही एकाच कपाटात नकोत. कॅसेटीही फेकू नका.

मूळ फाइल डेटा-डीव्हीडीवर ठेवायचा विचार असेल तर करू नका. एकेका चकतीत एकवीस मिनिटं, त्यात मधली एक चकती खराब झाली की मुंजीतून नेमका बटू गायब.

हुकुमचंद_घंटाघर

चकत्या कुठल्या घ्याव्या? प्लस की मायनस? ८.५ची दोन थरांची घेतली तर मुंज एकाच चकतीवर नाही का होणार?

सुदामानगरी

होईल. दोन थरांसाठी सूत्रात ६००च्या जागी १०९० धरा, १७० मिनिटांना ६.४ येतात. कागदावर छान. पण घरी लिहिलेली दोन थरांची चकती जुने प्लेअर थर बदलताना अडखळतात किंवा मुळीच वाचत नाहीत. शिवाय कोरी चकती महाग. आत्यांसाठी एकथरीच.

जुन्या प्लेअरला सहसा डीव्हीडी-आर, म्हणजे मायनस, जास्त मानवते. प्लसच मिळाली तर इमजीबर्न या चकती लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बुक-टाइप, म्हणजे चकतीवरची जातीची नोंद, डीव्हीडी-रॉम करता येतो, रायटर तेवढा शहाणा असेल तर. मग प्लेअरला ती बाजारातली चकती वाटते. लिहिताना १६एक्सचा मोह नको, ४एक्स किंवा ८एक्स. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, आणि चकती फायनलाइज, म्हणजे शेवटी बंद, होऊ द्या.

कॅसेटकाका

चकतीवर कागदी स्टिकर लावू नका. गोंद वाळला की एका बाजूने ओढतो, चकती डगमगते. मऊ टोकाच्या मार्करने लिहा. उभी ठेवा, उन्हात नको. आणि आधी एक नमुना करा. मुंजीची पाच मिनिटं, गेरीची पाच मिनिटं एकदा साडेतीनवर, एकदा आठवर, आणि लग्नाची पाच मिनिटं. धारला आणि उज्जैनला दोन्हीकडे लावून बघा. मग सगळं लिहायला घ्या.

रामबागवाला

काका, नमुना केला. पुसून पुन्हा लिहिता येते म्हणून डीव्हीडी-आरडब्ल्यूवर केला होता आणि तसाच एक साध्या डीव्हीडी-आरवर. धारला आरडब्ल्यू घातली तर प्लेअर म्हणे आत चकतीच नाही. साधी आर लगेच चालली.

टिळकनगर_बगीचा

आरडब्ल्यूचा पृष्ठभाग प्रकाश बराच कमी परतवतो, जुन्या लेझरला तो दिसत नाही. नमुन्याला तरी निदान स्वस्तातली आरच बरी.

रामबागवाला

गंमत पुढेच आहे. आत्याचा टीव्ही जुना, पेटीवाला. त्यावर साडेतीनची गेर आणि आठची गेर यांत मला फारसा फरक दिसला नाही, आत्याला तर काहीच नाही. तीच चकती उज्जैनला काकांच्या मोठ्या एलसीडीवर लावली तर साडेतीनच्या गेरीत गुलालाऐवजी फरशा उडताना दिसल्या. आठची ठीक होती. मुंजीचा नमुना दोन्हीकडे स्वच्छ. लग्नात माणसं थोडी थरथरत होती, बगीचेवाल्यांनी सांगितलेलं वरचं-खालचं फील्ड तपासतोय.

तर ठरलं ते असं: मुंज दोन चकत्या, भिक्षावळीपासून दुसरी. गेर-झांक्या एक, आठवर. लग्न एक. प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, धार आणि उज्जैन. मूळ फायली माझ्याकडे एका डिस्कवर आणि मावसभावाकडे दुसऱ्या डिस्कवर.

एक शेवटचं. डीव्हीडीस्टायलरमध्ये मेन्यू करून घेतला होता, फोटो, बटणं, सनईसकट. आत्या त्या मेन्यूसमोर सनई ऐकत बसून राहिली, पुढे काही दाबायचं असतं हे तिला कळलंच नाही. मेन्यूशिवाय चकती करता येते का?

सुदामानगरी

येते. डीव्हीडीस्टायलरमध्ये मेन्यू काढून टाका, चकती आत गेली की पहिला व्हिडिओ सरळ सुरू होतो. डीव्हीडी फ्लिकमध्ये मेन्यू "नन"वर ठेवा. प्रकरणांच्या खुणा मात्र राहू द्या, दर विधीला एक. रिमोटच्या पुढच्या बटणाने उडी मारता येते, मेन्यू नसला तरी.

रामबागवाला

मग खुणा पंगतीच्या प्रत्येक ओळीलाही लावतो. आत्याला सगळा बेत सांगितला तर तिने एवढंच विचारलं, "लाडू वाढतानाचं कुठल्या चकतीवर आहे?" म्हटलं दुसऱ्या. म्हणाली, "मग दुसरी आधी लिही. पहिली सावकाश दे."

जिरावन

सायबा, तिसरीची एक प्रत इकडे पण. गेरीत त्या वर्षी मी होतो, फरशीएवढा का होईना दिसलो पाहिजे.